एकतीस जूनची माणसं

“लिव्ह बाई, एकतीस जून!”

चाळीस वर्षं झाली, तरी आकाराम गुरुजींचा हा आवाज बिरदेवच्या कानातून गेलेला नाही. आटपाडीकडच्या माळावरची शाळा, कंदिलाचा प्रौढ साक्षरता वर्ग, आणि पाटीवर आपली जन्मतारीख गिरवणारी त्याची आई दगडाबाई. तिला एवढंच ठाऊक होतं, की मेंढरं घाटाखालनं माघारी फिरली तवा आपण जन्मलो. गुरुजींनी मेंढरांचं इंग्रजी तारखेत रूपांतर करून दिलं.

माणूस दोनदा जन्मतो, एकदा आईच्या पोटी आणि एकदा नोंदवहीत. पहिल्या जन्माला सुईण लागते, दुसऱ्याला शाई, आणि कायदा दुसराच धरतो. गुरुजींनी तोवर निम्मं गाव एक जूनला जन्माला घातलं होतं. तपासनीसांनी शेरा मारला, ‘एकाच दिवशी दोनशे बारा जन्म संशयास्पद वाटतात.’ गुरुजी शेरा मानणारे गृहस्थ. उरलेल्यांना, आणि पुढं आसपासच्या वाड्यावस्त्यांनाही, त्यांनी जूनच्या दुसऱ्या टोकाला नेऊन बसवलं. (जून तीस दिवसांचा असतो, ही बाब शेऱ्यात नमूद नव्हती.)

बिरदेव या गर्दीतला नव्हता. त्याची शाळेतली तारीख चौदा मार्च. इतकी आडवाटेची तारीख खरीच असणार, या खात्रीनं तो एक जूनवाल्यांना आयुष्यभर हसत आला.

पुढं तो कुपवाडच्या एमआयडीसीत प्रोग्रॅम लिहू लागला. खाली लेथ मशीनची घरघर, वर बिरदेवचा कोड. एका धर्मादाय नेत्ररुग्णालयाची मोतीबिंदूच्या ऑपरेशनांची यादी त्याच्याकडं होती. पासष्टच्या पुढच्यांना आधी पाळी, असा नियम. प्रोग्रॅमच्या भाषेची जुनी आवृत्ती मुरलेल्या कारकुनासारखी होती. एकतीस जून दिला, की मान वर न करता एक जुलै धरायची. कुणाला दुखवायचं नाही, कुणाला सांगायचं नाही.

सोमवारी नवी आवृत्ती बसवली. ती जुन्या आवृत्तीपेक्षा वेगवान, सुरक्षित आणि तत्त्वनिष्ठ असल्याचं पत्रक होतं. तिनं कामाला लागताच, जेवणाच्या सुट्टीपर्यंत, तीनशे एकोणीस ज्येष्ठ नागरिक अजन्म ठरवले. शेरा एकच, ‘अशी तारीख अस्तित्वात नाही.’ तारीख नाही म्हणजे वय नाही, वय नाही म्हणजे पाळी नाही. जन्मच न झालेल्या माणसाला मोतीबिंदू होत नाही, हे वैद्यकशास्त्रालाही मान्य करावं लागेल.

त्या तीनशे एकोणिसांत दगडाबाई होती. तिचं ऑपरेशन गुरुवारी. उजवा डोळा कधीच मिटला होता. डाव्यानं ती आता कोकरू आणि धोंडा एकाच मायेनं कुरवाळायची.

मालक यशराज वयानं लहान, पण खुर्चीनं मोठा. तो म्हणाला, “बिरदेवराव, एकतीस जूनला माणूस जन्मतोच कसा?”

“साहेब, जन्मताना कुणी कॅलेंडर बघत न्हाई.”

“मग त्यांनाच नवीन दाखला आणायला सांगा की.”

“जन्मले न्हाईत म्हणताय, मग दाखला आणायला येणार कोण?”

यावर बैठक झाली. तीन प्रस्ताव आले. सर्वांना तीस जूनला ढकलावं (एक दिवस आधी जन्म दिल्याची जबाबदारी कोण घेणार?). नेत्ररुग्णालयानं जूनला एक दिवस वाढवून मागावा (अर्जाचा नमुना उपलब्ध नाही). सर्वांनी ‘आपण जन्मलो आहोत’ असं प्रतिज्ञापत्र द्यावं (अंधांच्या सोयीसाठी ठळक अक्षरांत). तिन्ही प्रस्ताव कौतुक करून पुढं ढकलले.

बिरदेव बुधवारी बाकड्यावर बसला आणि अकरा ओळी लिहिल्या. न असलेली तारीख आली तर ओरडू नये, एक पाऊल पुढं सरकून पुढचा दिवस धरावा. त्या तुकड्याला त्यानं नाव दिलं, ‘समजून घे’. चहा यायच्या आत तीनशे एकोणीस म्हातारे एकदम जन्मले. गुरुवारच्या यादीत दगडाबाई चौथी.

बाकीच्या नऊ हजार तारखा नव्या आवृत्तीनं आधीच तपासून अचूक ठरवल्या होत्या. (वाचकांचीही तारीख कॅलेंडरात असल्यामुळे अचूकच आहे.)

त्यानं आईला फोन लावला. “आये, जन्मलीस बघ!”

“अगं बया! कवा रं?”

“एक जुलैला. उद्या डोळा व्हतोय. तुज्या गुरुजींनी लय घोळ घातलाय गं. माजी तारीख बघ, चौदा मार्च. मशीननं हूं का चूं केलं न्हाई.”

पलीकडं आईनं बें बें करणारं कोकरू हाकललं.

“लेका, त्या दिशी गुरुजींची म्हस व्याली हुती. म्हनले, तेवढीच तारीख ध्यानात हाय, तीच घालतो पोराला. तू दरसाली एवढ्या हौसंनं केक कापतोस, म्हनून म्या बोलले न्हाई.”