उत्तमभाऊंची नऊ मिनिटं

वरातीत सगळे डीजेच्या गाडीपुढे नाचतात. उत्तमभाऊ वाघमारे गाडीच्या बाजूने चालतात. गुरांचा डॉक्टर आजारी म्हशीच्या पोटावर हात ठेवतो तसा त्यांचा तळहात स्पीकरच्या खोक्यावर असतो. डोळे मिटलेले. चार-पाच विजेचे खांब ओलांडले की डोळे उघडतात आणि निदान होतं, "माल पातळ हाये."

तेलंगणातल्या आमच्या बोथ गावात प्रत्येक लग्नात हे निदान झालेलं आहे. तब्येत बरी असलेला डीजे त्यांना अजून सापडलेला नाही.

उत्तमभाऊ आमच्या गल्लीत राहतात आणि एका सरकारी कार्यालयात कारकून आहेत. तिथे त्यांना तेलुगू रीतीने आदराने 'वाघमारे गारू' म्हणतात आणि शक्यतो गाण्याबजावण्याचा विषय काढत नाहीत. वय पन्नाशीला आलेलं. या वयात माणसाला एखादं व्यसन असतं. उत्तमभाऊंना मत आहे, आणि त्याचा त्रास व्यसनापेक्षा जास्त लोकांना होतो.

मत असं, की जगातलं खरं संगीत म्हणजे ट्रान्स, आणि ते आता संपलं. ट्रान्स म्हणजे यंत्रावर बनवलेलं नाचाचं संगीत. शब्द जवळपास नाहीत, ठोका एकसारखा, आणि एकेक तुकडा दहा-दहा मिनिटं चालणारा. यातला एक प्रकार गोव्याच्या किनाऱ्यावर वाढला. उत्तमभाऊंनी गोवा पाहिलेला नाही. मोठं पाणी म्हणून त्यांनी पैनगंगा पाहिली आहे, तीही पुलावरून. हैदराबादच्या वसतिगृहात कोणाकडून तरी आलेली एक नाव नसलेली कॅसेट त्यांनी ऐकली, आणि तेवढ्या भांडवलावर गेली तीस वर्षं ते सगळ्या जगाला नापास करत आहेत.

काळ मोजायची त्यांची पद्धतही याच कॅसेटीतून निघालेली आहे. त्यांचं लग्न ठरलं तेव्हा 'गोवा संपत आला होता'. मुलगी पल्लवी झाली तेव्हा 'सूर लांब होते, वर चढणारे'. तेलंगण वेगळं झालं तेव्हा 'जिकडेतिकडे ड्रॉप पडून राह्यला होता'. ऐकणाऱ्याला वाटावं, यांच्या घराशेजारी काहीतरी कोसळत होतं.

चहाच्या टपरीवर हा इतिहास फुकट ऐकायला मिळतो. नको म्हटलं तरी मिळतो.

"पयले गावरान होतं," ते सांगतात. "सूर सापावानी वळवळत जाये. घाई नाही. मंग लोकायनं त्याले पालिश केलं. साफ झालं, मोठं झालं. तेई चाललं. मंग आला ड्रॉप, म्हंजे सूर चढवून एकदम धाडकन ठोका आदळनं. चढाव कोनालेच नको, फक्त पडनं पाह्यजे. आता त रीलसाठी पडन्यापासूनच सुरू करतात. जेवायच्या आंधी ढेकर."

प्रशांत हा बोथमधला डीजेवाला. उत्तमभाऊंचा हात सर्वांत जास्त वेळा त्याच्याच खोक्यांवर पडलेला आहे. तो एकदा म्हणाला, "काका, आता वरातीत तुमचाच ट्रान्स वाजून राह्यला. फक्त खाली ढोल टाकला. नाव बी तेच हाये."

"मानूस मेल्यावर बी नाव तेच राह्यते बे."

प्रशांतने चहाचे पैसे दिले आणि निघून गेला.

उत्तमभाऊ स्वतः नाचत नाहीत. त्यांना नाचताना कोणी पाहिलेलं नाही. नाचाच्या संगीताचे एवढे मोठे जाणकार असून पाय हलवत नाहीत, असं विचारलं तर सांगतात, "मी मधल्या भागाची वाट पाह्यतो."

हा मधला भाग समजून घेतला पाहिजे, कारण पुढचा सगळा गोंधळ त्यानेच केला. जुन्या लांब ट्रान्समध्ये अर्ध्यावर ठोका थांबतो. ढोल नाही, धमक नाही. मागे एखादा बारीक सूर तेवढा तरंगत राहतो. मिनिट-दोन मिनिटांनी ठोका हळूहळू परत येतो. वसतिगृहात पहिल्यांदा ऐकताना टेप अडकली समजून स्वतः उत्तमभाऊंनीच कॅसेट बाहेर काढली होती. तो भाग मुद्दाम तसा ठेवलेला आहे हे कळल्यावर, त्यांच्या म्हणण्यानुसार, ते रात्रभर तोच ऐकत बसले. पुढच्या काळात हा मधला भाग आखूड होत गेला, आणि आता गेलाच. उत्तमभाऊंच्या लेखी मानवजातीचा ऱ्हास तो हाच.

गेल्या उन्हाळ्यात पल्लवीचं लग्न ठरलं. बायको गेल्यापासून घरात बाप-लेक दोघंच होते. नवरा मुलगा निर्मल गावचा, शिक्षक. मानपान, जेवण, साड्या, कशालाच उत्तमभाऊंनी हरकत घेतली नाही. अट एकच घातली. पाठवणीच्या वेळी डीजेवर त्यांचा तुकडा वाजेल. पूर्ण नऊ मिनिटं. मधल्या भागासकट.

पल्लवी म्हणाली, "बाबा, लोकं हसतीन."

"हसू दे."

प्रशांतची हरकत धंद्याची होती. "काका, मधात बीट गेली का लोकं म्हनतीन मशीन बंद पडली. सीझन हाये. माह्यं नाव खराब करून राह्यले तुमी."

"मधात हात नको लावू," उत्तमभाऊ म्हणाले. "बाकी तुले पाह्यजे थे वाजव. दिवसभर पातळ वाजव. मी खोक्याले हात लावनार नाही."

या सवलतीवर प्रशांत तयार झाला. गल्लीचं मत एकच होतं आणि मीही त्याच मताचा होतो. स्वतःच्या लेकीच्या पाठवणीतही या माणसाला आपली आवड मिरवायची आहे. लेक जाते आहे, आणि बाप तुकडा निवडतो आहे.

लग्न बौद्ध पद्धतीने वेळेवर लागलं. जेवणं झाली. ऊन उतरल्यावर पाठवणी निघाली. पुढे डीजेची गाडी, मागे वऱ्हाड, रस्त्याच्या कडेला फुलं लावलेली कार. पल्लवी कारमध्ये बसली आणि प्रशांतने उत्तमभाऊंचा तुकडा लावला.

वऱ्हाडाने पाच-दहा पावलं प्रयत्न केला. गाणं ओळखीचं नव्हतं, शब्द नव्हते, आणि कुठलीच गोष्ट लवकर होत नव्हती. नवऱ्याचा मामा घाम पुसत म्हणाला, "नाचाव का मोर्च्यात चालाव?" तरी पोरं पाहुणचाराला जागली. हात वर गेले. ठोका वाढत गेला, सूर चढत गेला, आता काहीतरी होणार असं सर्वांना वाटू लागलं.

आणि ठोका थांबला.

वर गेलेले हात तसेच राहिले. गाडीवरचा जनरेटरवाला युसूफ खाली उडी मारून जनरेटरकडे धावला. जनरेटर चालू होता. तरी त्याने दोरीला हात घातला. "डिझेल तो पूरा है, क्या हुआ इसकू?" असं तो जनरेटरलाच विचारत होता. कोणीतरी खोक्यावर दोन बुक्क्या मारल्या. मामा म्हणाला, "बसला. मी पयलेच म्हनलो होतो." प्रशांतचा हात बटणाकडे गेला. परवानगीसाठी त्याने बाजूला पाहिलं. खोक्याजवळ उत्तमभाऊ नव्हते.

ते कारच्या खिडकीशी उभे होते. बारीक सूर चालू होता, पण त्याने बोलणं बुडत नव्हतं. पाठवणीच्या गाडीजवळ माणसाचा साधा आवाज ऐकू येतो, हे मी पहिल्यांदा अनुभवलं.

"बाबा, ग्यास खालून बंद करत जा," पल्लवी म्हणत होती. "वरचं बटन भरवशाचं नाही."

"हो."

"गोळी लाल झाकनाच्या डब्ब्यात हाये. सकाळी. जेवून."

"हो."

"आन् हेडफोन लावून झोपत नका जाऊ. दार वाजवलं त ऐकू येत नाही तुमाले."

"नाही लावनार," उत्तमभाऊ म्हणाले. मग म्हणाले, "अजून सांग. अजून वेळ हाये."

तिने त्यांच्या शर्टाचं वरचं बटण लावलं. मग ठोका लांबून परत येऊ लागला, युसूफने छातीवर हात ठेवून देवाचे आभार मानले, आणि कार निघाली.

संध्याकाळी हॉलमध्ये खुर्च्या एकावर एक चढवल्या जात होत्या. उत्तमभाऊ सतरंजीवर बसले होते. शेजारी मुधोळहून आलेली त्यांची थोरली बहीण सुपारी कातरत होती. आई लवकर गेल्यामुळे याच बहिणीने त्यांना वाढवलं, हे गल्लीला माहीत होतं. मी विचारलं, "कसा झाला तुकडा?"

"दुसरा अर्धा पातळ होता," ते म्हणाले. मग बहिणीकडे मान करून म्हणाले, "ताईच्या पाठवनीच्या टायमाले बँड होता. मी आठवीत. गाडीत बसल्यावर थे मले काहीतरी सांगून राह्यली होती. तोंड हलताना दिसे. बँडवाल्यायनं एक दम घेतला नाही. गाडी गेली."

"मग नंतर कधी विचारलं नाही?"

"इचारलं ना. दर दिवाळीले इचारतो. तिले आठवत नाही."

ताईंनी अडकित्ता खाली ठेवला. "इतक्या वर्साची गोष्ट," त्या मला म्हणाल्या. "कोन ध्यानात ठेवते जी? जेवत जा वेळेवर, असंच काही म्हनलं असन."

"असन नको म्हनू," उत्तमभाऊ म्हणाले. "आठव."