संथ अवजड वाहने

"दोन हजार सत्तेचाळीस साली मी किती वर्षांची असेन रे?" स्कूटरवर मागे बसता बसता ऋताने विचारले.

उन्मेषला या प्रश्नातला धोका कळला. त्याने हेल्मेटचा पट्टा अडकल्याचे नाटक सुरू केले.

"राहू दे, मीच सांगते. निवृत्त झालेली असेन. गुडघे गेलेले असतील. आणि तेव्हा तुझ्या आराखड्यातली बस आपल्या दारात येऊन थांबेल. मला हात द्यायला कंडक्टर खाली उतरेल."

उन्मेष हा हणमंतमाळ नगरपरिषदेच्या नियोजन विभागाचा प्रमुख होता. विभागात तो एकटाच असल्यामुळे प्रमुखपद आपसूक त्याच्याकडे आले होते. हणमंतमाळ म्हणजे कोल्हापूरच्या कडेला, उचगाव मागे टाकून आणखी पुढे पसरत गेलेली वस्ती. एका अंगाला नवे फ्लॅट, दुसऱ्या अंगाला जुने गोठे आणि मधून दोघांच्या वाट्याला मिळून एकच रस्ता. या रस्त्याचे भवितव्य ठरवणारा 'दीर्घकालीन वाहतूक आराखडा २०४७' उन्मेषच्या हातून घडत होता. वर्तमानाचे काय करायचे हे मात्र कोणी त्याला विचारले नव्हते, आणि विचारले असते तरी सांगता आले नसते.

ऋता जयसिंगपूरच्या एका शाळेत शिकवायची. इथे फ्लॅट घेताना उन्मेषने तिला छातीठोकपणे सांगितले होते, "बस येणारच आहे. फाइल माझ्याच टेबलावर आहे." फाइल अजूनही त्याच्याच टेबलावर होती. बसवाल्यांचे म्हणणे साधे होते. रोज सकाळी हणमंतमाळच्या म्हशी खाणीतल्या पाण्यात डुंबायला निघतात, अख्खा रस्ता व्यापून चालतात, आणि त्यांच्या मागून गाडी काढायची म्हटली तर सकाळची फेरी दुपारी पोचेल. त्यामुळे उन्मेष रोज तिला स्कूटरवरून हायवेपर्यंत सोडायचा. स्कूटरचा सायलेन्सर फाटलेला होता. ती सुरू झाली की सोसायटीच्या खिडक्या धडाधड बंद व्हायच्या. झुंबरबाईंच्या गोठ्यातल्या म्हशी तेवढ्या कौतुकाने माना वर करायच्या.

"हे बघ," हायवेला उतरल्यावर ऋता म्हणाली, "जूनमध्ये शाळा उघडायच्या आत बस आली नाही, तर मी जयसिंगपूरला खोली घेणार. शनिवारी येईन, सोमवारी जाईन."

ती हे चिडून म्हणाली असती तर उन्मेषने मनावर घेतले नसते. ती शांतपणे म्हणाली, म्हणून त्याला ते खरे वाटले. लोक काहीही म्हणोत, सकाळची ती खडखडती फेरी त्याला आवडायची. दिवसभरात दोघांचे बोलणे व्हायचे ते तेवढ्याच वेळात, आणि तेही ओरडून.

बस आणायची तर रस्ता रुंद हवा, रुंदीकरणाला वरची मंजुरी हवी, मंजुरीला आराखडा हवा आणि आराखड्याला वाहनांची मोजणी हवी. मोजणीसाठी पुण्याची एक कंपनी ठरली. माणसे उभी करायची नाहीत, खांबांवर कॅमेरे लावायचे, आणि कुठले वाहन किती वेळा गेले ते संगणक ओळखणार, असा सगळा आधुनिक मामला होता. प्रश्न फक्त दिवसाचा होता. नियमात स्पष्ट लिहिले होते, की मोजणी सणाच्या दिवशी करू नये.

"भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी ठेवा," नगराध्यक्ष गणपतराव म्हणाले. "त्या दिवशी रस्त्यावर गर्दी बघा तुमी! नाद खुळा!"

"पण साहेब, नेहमीसारखा दिवस पाहिजे. सण वगैरे नको."

"कॅलेंडर बघा की. हाय काय सण?"

उन्मेषने कॅलेंडर पाहिले. चौकोन कोरा होता. त्याने निर्धास्त मनाने सही केली आणि भाऊबीजेला ऋताबरोबर सासुरवाडीला निघून गेला. तो दर दिवाळीत तिकडेच असायचा, आणि सगळा घोळ तिथेच झाला.

कोल्हापुरात पाडव्याला म्हशींचा थाट असतो. त्यांना धुऊन, भादरून, शिंगे रंगवून, मोरपिसे खोचून, गळ्यात कवड्यांच्या माळा घालून मिरवतात. मग मालक सायलेन्सर काढलेल्या मोटारसायकलवर बसून पुढे सुटतो आणि म्हैस त्या आवाजामागे चौखूर धावते. जिची धाव जोरात, तिच्या मालकाची मान ताठ. पण पाडव्याला आणि भाऊबीजेला हणमंतमाळची मंडळी आपल्या म्हशी घेऊन शहरात जायची. त्यामुळे घरचा कार्यक्रम भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी. हे कॅलेंडर छापणाऱ्याला कोणी कळवले नव्हते. गणपतरावांना अर्थातच माहीत होते, कारण त्यांच्या स्वतःच्या म्हशी त्यात पळायच्या. त्यांच्या मते मोजणी आहे तर गर्दीच्या दिवशीच करावी, त्यात लपवण्यासारखे काय आहे?

अहवाल आला तो जनसुनावणीच्या आदल्या संध्याकाळी. गुळगुळीत कागद, रंगीत आलेख. उन्मेषने पहिलाच निष्कर्ष वाचला. 'या रस्त्यावर संथ अवजड वाहनांचे प्रमाण असाधारण आहे. ही वाहने प्रायः काळ्या रंगाची असून त्यांना क्रमांकाची पाटी नाही. ती इशारा न देता थांबतात व वळतात. काही वाहने दुचाकीच्या मागे अत्यंत कमी अंतर ठेवून वेगाने जाताना आढळली. यांच्यासाठी स्वतंत्र मार्गिका व धुण्याची सोय करावी.' खाली 'नमुना वाहन' म्हणून एक छायाचित्र होते. नमुना वाहनाच्या शिंगांना गुलाबी रंग दिलेला होता.

त्याने कंपनीच्या पूर्णिमा मॅडमना फोन लावला.

"मॅडम, ती म्हैस आहे हो!"

"कुठली, सर?"

"सगळ्याच! तुमची संथ अवजड वाहनं म्हणजे म्हशी आहेत. कुणाच्याच लक्षात आलं नाही?"

पलीकडे पाने चाळल्याचा आवाज आला. "सर, आमच्या प्रणालीत म्हैस हा प्रकारच नाही. त्यामुळे आकारमानावरून तिने जे जवळचं होतं ते घेतलं. पण तांत्रिकदृष्ट्या बघा, संथ आहे, अवजड आहे, आणि वाहनाच्या जागी चालली आहे. तुम्हाला हवं असेल तर फेरमोजणी करू. वर्षभराने."

वर्षभराने म्हणजे जून उलटून गेलेला. उन्मेषने फोन ठेवला आणि छायाचित्राकडे बराच वेळ पाहिले. म्हैस त्याच्याकडे शांतपणे पाहत होती. अखेर त्याने स्वतःची समजूत घातली, की मार्गिका ती मार्गिका. अवजड वाहनांसाठी मंजूर झाली की बस त्यातूनच धावेल. बससुद्धा अवजडच असते, आणि आपल्याकडची संथही. त्याने अहवाल तसाच राहू दिला.

सुनावणीला सभागृह भरले होते. फ्लॅटवाले पुढे, गोठेवाले मागे. ऋताही मुद्दाम आली होती. उन्मेषने छायाचित्राचे पान वगळून सादरीकरण करायचे ठरवले होते. पण पडद्यावर पाने आपोआप सरकत होती, आणि ते थांबवायचे बटण कुठे आहे हे नगरपरिषदेत कोणालाच ठाऊक नव्हते. गुलाबी शिंगे भिंतभर उमटली.

"अगं बया, ही तर माजी राणी!" मागून झुंबरबाई उठून उभ्या राहिल्या. "साहेब, माज्या राणीला हितं कशाला लावलंय? काय गुन्हा केलाय तिनं?"

उन्मेष पडद्यासमोर जाऊन उभा राहिला. "गुन्हा नाही बाई. ते... त्यांच्यासाठी वेगळी लेन प्रस्तावित आहे."

"म्हशींसाठी?"

"म्हणजे... व्हय," घाबरल्यावर उन्मेष शहरी मराठी विसरायचा.

मागच्या रांगांतून अशा शिट्ट्या उठल्या की पंखे थांबल्यासारखे वाटले.

"आयला, सरकारनं म्हशीस्नी रस्ता दिलाय भावा!"

"पयल्यांदाच कायतरी शाणपणाचं काम केलंय बघा!"

"आणि आमच्या बसचं काय?" पुढच्या रांगेतून कोणीतरी विचारले.

"बस कशाला शिरतीय त्यात?" झुंबरबाई कडाडल्या. "मी सांगतो, त्या लेनीत मोटार न्हाय, फटफट न्हाय, बस तर न्हायच न्हाय. म्हशी बुजतात. लिवा तसं!"

गणपतरावांनी म्हशीवाल्यांची घरे आणि मते मनातल्या मनात मोजली आणि तसे लिहून घ्यायला सांगितले. मार्गिका फक्त म्हशींची ठरली. नगरपरिषदेचे कामावरचे वाहन तेवढे चालेल, बाकी इंजिनाला मज्जाव. बस गेली चौथ्या टप्प्यात, म्हणजे दोन हजार सत्तेचाळीसमध्ये. घरी गेल्यावर ऋताने माळ्यावरची सुटकेस खाली काढली, पुसली आणि उन्मेषला रोज दिसेल अशी पलंगाशेजारी ठेवली.

उन्मेषला शेवटची आशा होती ती वरच्या कार्यालयाची. तिथले लोक हा आराखडा नक्की फेटाळतील आणि त्या गोंधळात बसचे काहीतरी करता येईल, असे त्याला वाटत होते. पण वरचे कार्यालय त्या वर्षी इंजिनाविना चालणाऱ्या वाहतुकीला उत्तेजन देत होते. जिल्ह्यातल्या बाकी सगळ्यांनी सायकलींचे प्रस्ताव पाठवले होते, आणि ते वाचून साहेब कंटाळले होते. हणमंतमाळचा आराखडा विनातक्रार मंजूर झाला. वर 'अभिनव' असा शेराही आला. मे संपायच्या आत रस्त्याच्या कडेने मार्गिका आखली गेली. हिरवा पट्टा, पांढरे खांब आणि तोंडाशी पाटी. पाटीवरची म्हैस चित्रकाराने हसरी काढली होती.

उद्घाटनाच्या सकाळी गणपतरावांनी फीत कापली, हलगी कडाडली, आणि सजवलेल्या म्हशी मार्गिकेच्या तोंडाशी येऊन थांबल्या. त्या आत जाईनात. गणपतरावांनी आपल्या म्हशीला पुढून ओढले, मागून ढकलले, कानात काही सांगितले. म्हैस पाटीकडे पाहत राहिली. मागे मुख्य रस्त्यावर दोन्ही बाजूंना गाड्या तुंबल्या.

"असं न्हाय जायाच्या त्या," झुंबरबाई म्हणाल्या. "त्यास्नी फटफटीमागं पळायची सवय हाय. पुढं आवाज पायजे."

"मग काढा की कुणाचीतरी फटफट!"

"कशी काढू? बंदी हाय न्हवं!"

"बंदी घातली कुणी?"

झुंबरबाईंनी पदर सावरला आणि दुसरीकडे पाहिले.

नेमका तेव्हाच, सुट्टीतल्या प्रशिक्षणाला निघालेल्या ऋताला हायवेला सोडून उन्मेष परतत होता. उशीर झाल्यामुळे त्याने स्कूटर पिळली होती. फाटक्या सायलेन्सरचा तो ओळखीचा आवाज कानावर पडताच राणीने मान वर केली. मग बाकीच्यांनीही केली. स्कूटरच्या पुढच्या बाजूला नगरपरिषदेची पट्टी होती.

"आरं, ही तर कामावरची गाडी!" गणपतराव ओरडले. "साहेब, घाला आत! थांबू नका!"

काय चालले आहे हे कळायच्या आत उन्मेष हिरव्या पट्ट्यावर होता आणि अख्ख्या हणमंतमाळच्या म्हशी त्याच्या पाठोपाठ धावत होत्या. त्याने आरशात एकदाच पाहिले. आरशात फक्त शिंगे दिसत होती. खाणीपर्यंत त्याने वेग कमी केला नाही.

मुख्य रस्ता रिकामा झाला. तो हणमंतमाळच्या इतिहासात सकाळच्या वेळी प्रथमच रिकामा झाला होता. बसवाल्यांचा माणूस दोन-तीन दिवस येऊन पाहून गेला, आणि शाळा उघडायच्या आदल्या आठवड्यात हणमंतमाळची बस सुरू झाली. तिला ना रुंदीकरण लागले, ना चौथा टप्पा. ऋताने सुटकेस उचलून पुन्हा माळ्यावर टाकली, तेव्हा उन्मेषला इतका आनंद झाला की त्याने तिच्या देखत डोळे पुसले.

"उद्यापासून झोप तू सकाळी," ती प्रेमाने म्हणाली. "आणि तो सायलेन्सर बदलून घे एकदाचा."

"नाही बदलता येणार," उन्मेष खाली मान घालून म्हणाला आणि त्याने खिशातला आदेश तिच्या हातात दिला. पुढील व्यवस्था होईपर्यंत तात्पुरत्या स्वरूपात मार्गिकेचे सकाळचे संचलन नियोजन विभागाच्या प्रमुखांनी करावे, असा ठराव एकमताने झाला होता. पुढील व्यवस्था चौथ्या टप्प्यात धरली होती.

शाळेच्या पहिल्या दिवशी ऋता बसमध्ये खिडकीशी बसली. शेजारच्या हिरव्या पट्ट्यावरून खडखडाट करत उन्मेष चालला होता. मागची सीट रिकामी, आणि तिच्या मागे राणी, आणि राणीच्या मागे सगळ्या. बस त्याच्या बरोबरीला आली. ऋताने खिडकीतून डोके बाहेर काढले आणि रोजच्यासारखे ओरडून विचारले,

"उन्मेष! दोन हजार सत्तेचाळीस साली तू किती वर्षांचा असशील रे?"