मेलं नाय, रुसलंय

मिलकाआत्यांच्या घरी एक टीव्ही-गेम होता आणि तो कधीच बंद होत नसे. कोणी खेळत असो वा नसो, त्याच्यावरचा तांबडा दिवा अष्टौप्रहर तेवत असे. समोरचा टीव्ही मात्र बंद. आत्यांचं मांजर त्या डब्याची ऊब ओळखून होतं. थंडीत ते त्याला पोट लावून झोपे. जवळ गेलं की तापलेल्या प्लास्टिकचा किंचित गोडसर वास येई, भाजलेल्या शेंगांच्या टरफलांसारखा.

पेणच्या आमच्या गल्लीत या दिव्याविषयी निरनिराळी मतं होती. त्यामुळे विजेचा मीटर हळू फिरतो, असं एक मत. इस्राएलला गेलेला मुलगा त्यातून आत्यांशी बोलतो, असं दुसरं. पहिल्या मतावर विसंबून एकदा एक वायरमन तपासायला आला. आत्यांनी त्याला मीटर दाखवला, चहा दिला, आणि त्याची नजर त्या डब्याकडे वळताच म्हणाल्या, "मीटर तुमचा हाय, तो बघ. हा माझा हाय." वायरमनने चहा संपवला आणि शिडी उचलली.

आत्या साठीकडे झुकलेल्या, हाडापेराने रुंद, आणि कानामागे पेन्सिलीसारखा स्क्रूड्रायव्हर खोचणाऱ्या. त्या बेने इस्राएल, म्हणजे कोकणातल्या ज्यू. त्यांचे पूर्वज कोकणात तेलाचे घाणे चालवीत आणि शनिवारी ते थांबवीत. आमच्या गल्लीत त्यांच्या समाजाची पूर्वी बरीच घरं होती. नव्वदचं दशक सुरू झालं तेव्हा एवढंच एक उरलं होतं. यजमानांचं रेडिओदुरुस्तीचं दुकान होतं. ते गेल्यावर आत्यांनी त्यांचं बाकडं घरच्या ओटीवर आणून ठेवलं आणि त्यामागे स्वतः बसल्या.

"बाईमाणसानं सोल्डरिंग करायचं म्हणजे..." असं कोणीतरी म्हणालं होतं.

"पापड भाजताना हात पोळतो तो चालतो, आन् हा नाय चालत?" आत्या म्हणाल्या, आणि तो विषय तिथे संपला.

रेडिओ हळूहळू मुके झाले आणि घराघरांत टीव्ही-गेम आले. धाटावच्या कारखान्यांतली माणसं दिवाळीला मुलांसाठी ते घेत. डोलवीला कंपनीत लागलेली पोरं स्वतःसाठीच घेत. एकदोन पावसाळे गेले की ते रुसत. दोष यंत्राचा नसे, हवेचा असे. धरमतरच्या खाडीकडून वारा सुटला की आमच्याकडे ओठांवर मीठ लागतं. तेच मीठ गेमच्या कॅसेटमधल्या तांब्याच्या पट्ट्यांवर बसे आणि त्या हिरव्या पडत. मग मुलं कॅसेट बाहेर काढून तिच्यात जीव खाऊन फुंकर मारीत. तेवढ्यापुरता खेळ सुरू होई. पण फुंकरीतली ओल आत राही आणि पट्ट्या आणखी हिरव्या होत.

या फुंकरीविरुद्ध आत्यांनी उघड युद्ध पुकारलं होतं. भिंतीवर मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं: 'येथे फुंकू नये.' ते वाचून एका म्हाताऱ्या आगऱ्याने दारातच विडी विझवली आणि नातवाचा गेम अदबीने पुढे केला. आत्यांनी पाटीत सुधारणा केली नाही. "तेवढाच धूर कमी," त्या म्हणाल्या.

त्यांची कामाची रीत मला फार आवडे. आधी खोडरबर, मग स्पिरिट, मग कुंचली. ही कुंचली गणपतीच्या कारखान्यातली, मूर्तीचे डोळे आखून आखून झिजलेली. आखणीतून बाद झाली की ती आत्यांकडे येई. देवाला दृष्टी देणारी ती केसाएवढी टोकं कॅसेटच्या फटींतून फिरत, आणि ओटीवर स्पिरिटचा गारवा आणि सोल्डरिंगच्या राळेचा धूर एकमेकांत मिसळत. सगळं झालं की त्या यंत्र सुरू करीत आणि त्याच्या पाठीला हाताची मागची बाजू लावीत, तापकरी मुलाच्या कपाळाला आई लावते तशी. फक्त इथे हिशेब उलटा. गार लागलं की कपाळाला आठी, आणि गरम लागलं की समाधान.

आणि वाक्य ठरलेलं. गिऱ्हाईक म्हणे, "आत्या, हे मेलं वाटतं." आत्या त्याला वाक्य पुरं करू देत नसत. "मेलं नाय, रुसलंय."

रोह्याच्या एका दुकानदाराला हे वाक्य जड गेलं. मी रोह्याच्या कॉलेजात मराठी शिकवत असे, आणि रोज सकाळी एसटीने जाताना आत्यांनी दुरुस्त केलेले गेम धाटावच्या गिऱ्हाइकांसाठी नेत असे. कवितेची पुस्तकं आणि टीव्ही-गेम एकाच पिशवीत. त्या दुकानदाराने माझ्यादेखत एका माणसाला सांगितलं, "अहो, जुना फेका आणि नवा न्या. ती पेणची म्हातारी उगाच मढी सजवते." तो गेम मी मागून घेतला, पण हे बोलणं घरी येऊन सांगायला नको होतं. दुसऱ्या दिवशी आत्या माझ्याबरोबर एसटीत होत्या, मांडीवर तोच फेकायला सांगितलेला, रात्रीतून दुरुस्त केलेला गेम. दुकानात शिरून त्यांनी तो शोभेच्या टीव्हीला जोडला, चपला काढल्या आणि एक रिमोट दुकानदाराच्या हातात दिला.

"बस. मढ्याबरोबर खेळ."

बाहेर गर्दी जमली. दुकानदार हरला, पुन्हा बसला, पुन्हा हरला. आत्या खेळताना ओठ आत ओढून घेत आणि अंगठा सुपारी फोडल्यासारखा चालवीत. जाताना त्या एवढंच म्हणाल्या, "नवा इक, खुशाल इक. पन जित्याला मेलं म्हनू नको."

घरातला तो तेवता डबा मात्र कोणालाही खेळायला मिळत नसे. मुलांसाठी ओटीवर वेगळा होता. आतल्या या गेमला दोन रिमोट. एक उघडा, दुसरा धुतलेल्या रुमालात गुंडाळलेला. समोर दोन पाट. त्यांतल्या एकावर मी एकदा नकळत टेकले, तर स्वयंपाकघरातून आवाज आला, "तिथं नाय गो. तो भरलेला हाय."

मी रिकाम्या पाटाकडे पाहत उठले.

गावात वीज वरचेवर जाई. त्यावर आत्यांनी तोड काढली होती. टेम्पोची एक बॅटरी अशा रीतीने जोडली होती, की वीज गेली तरी तांबडा दिवा पापणीसुद्धा लववत नसे. ती बॅटरी अधूनमधून कोपऱ्यावरच्या गॅरेजात चार्जिंगला जाई आणि त्याच दिवशी परत येई. एका शुक्रवारी ती उशिरा आली, आणि माझ्या आठवणीतला सगळ्यात अवघड शनिवार उजाडला.

आत्यांचा शनिवार शुक्रवारी सूर्य मावळतानाच सुरू होई. काचेच्या पेल्यात तेलाचा दिवा लावला, की दुसऱ्या दिवशी आकाशात तीन चांदण्या दिसेपर्यंत काम नाही. चूल पेटवायची नाही, बटण दाबायचं नाही, वायर जोडायची नाही. दुसऱ्याला सांगून करवून घ्यायचं नाही. जे चालू आहे ते चालू राहील, जे बंद आहे ते बंद. जगाशी भांडणाऱ्या आत्या या एका नियमाशी कधी भांडत नसत.

गॅरेजवाला बॅटरी घेऊन आला तेव्हा तेलाचा दिवा नुकताच लागला होता. आणि त्याच दुपारी रिक्षावरून पुकारा झाला होता, की उद्या खांबांच्या कामासाठी दुपारनंतर वीज बंद राहील.

शनिवारी दुपारी मी घावन घेऊन गेले. आत्या खुर्चीत ताठ बसल्या होत्या. बॅटरी दाराआड कोपऱ्यात होती. तेलाच्या दिव्याचा वास अजून खोलीत रेंगाळत होता.

"ये," त्या म्हणाल्या. "हवा बरी हाय."

"हो."

"बॅटरी तिथं कोपऱ्यात कशी दिसतेय बघ. एकटी."

"कोणी ठेवली तिथे?"

"दूधवाल्यानं. सकाळी त्याला म्हटलं, बॅटरी आन् मशीन किती लांब बसलीत, भांडलीत वाटतं. त्यानं पायात येईल म्हनून उचलून आनखी लांब ठेवली." आत्यांनी सुस्कारा सोडला. "काल गॅरेजवाल्याला म्हटलं, ही लाल वायर किती छान हाय. तो म्हनला, हो आत्या, मुंबईची हाय. आन् गेला."

मी हसले. आत्या हसल्या नाहीत. त्यांच्या वरच्या ओठावर घाम होता. पंखा फिरत असूनही.

"वीज किती वाजता जाणार?" मी विचारलं.

"ते आपल्याला काय ठाऊक." त्या छताकडे पाहू लागल्या. "मानसं तुझ्यासारखी शिकलेली असतात. कवितेत न लिहिलेलं पन त्यांना कळतं म्हनतात."

तेव्हा कुठे माझ्या डोक्यात उजेड पडला. मी घावनाचं ताट खाली ठेवलं आणि बॅटरी उचलली. ती विलक्षण जड होती. हाताला आंबट वास लागला. गेमजवळ नेऊन ठेवली. आता गेमच्या वायरींचे दोन चिमटे माझ्या हातात होते आणि बॅटरीला दोन टोकं. मी आत्यांकडे पाहिलं. आत्यांनी डोळे मिटले.

"आमचे हे," त्या मिटल्या डोळ्यांनी म्हणाल्या, "नेहमी म्हनायचे, लालला लाल आवडतं. उगाच आठवलं."

लाल चिमटा लाल खुणेच्या टोकाला बसवला. काळा दुसऱ्याला. हात मागे घेतला आणि पंख्याचा आवाज बदलला. पाती मंदावली, दिसू लागली, थांबली. गल्लीतले सगळे टीव्ही एकदम गप्प झाले. त्या शांततेत तांबडा दिवा होता तसाच होता.

आत्यांनी डोळे उघडले. उठल्या, गेमच्या पाठीला उलटा हात लावला.

"गरम हाय," त्या म्हणाल्या, आणि त्यांचा आवाज फुटला.

आम्ही गार झालेलं घावन खाल्लं. संध्याकाळी वीज आली. मग परसात चिंचेच्या फांदीशी आम्ही एक चांदणी पाहिली, दुसरी पाहिली, आणि तिसरी दिसताच आत्या आत वळल्या. त्यांनी तिथूनच मला हाक मारली. शनिवार संपल्यावर त्या सर्वांत आधी काय करतात, ते मी त्या दिवशी पाहिलं. त्यांनी टीव्ही लावला.

काळ्या पडद्यावर विटांच्या भिंती होत्या. खाली मधोमध विटांचाच एक छोटा किल्ला, आणि त्याच्या दोन बाजूंना दोन रणगाडे, एक पिवळा, एक हिरवा. काहीही हलत नव्हतं. फक्त 'पॉज' हा शब्द उघडमीट करीत होता.

"पिवळी नोमी. माझी नात," आत्या म्हणाल्या. "हिरवी मी. दोघींनी मिळून किल्ला राखायचा, असा खेळ हाय. जायच्या दिवशी खेळत होतो. माझं पन तिकीट काढलं होतं पोरानं. बाहेर जीप हॉर्न वाजवत होती. मी म्हटलं, मी येत नाय. इथं जन्मले, इथं यांना माती दिली, मी नाय येत. नोमीनं बटन दाबलं. म्हनली, तू तिकडं ये, मगच पुढं खेळू. मी म्हटलं, तू इकडं ये, मगच पुढं."

"मग?"

"मग काय. जीप गेली."

रुमाल सोडून त्यांनी दुसरा रिमोट पुसला, बटणांच्या कडांतून कुंचली फिरवली आणि तो पुन्हा गुंडाळला.

"पोरगा दर रविवारी फोन करतो. ती फोनवर येत नाय. बापाला मागून सांगते, आजीला विचार, चालू हाय काय. मी सांगते, चालू हाय. आमचं तेवढंच बोलनं. आन् मी खोटं बोलत नाय, तुला ठाऊक हाय." त्या टीव्हीकडे पाहत राहिल्या. "आज बंद पडलं असतं, तर उद्या काय सांगितलं असतं?"

"आत्या, तुम्हीच तिच्याशी बोला ना एकदा. आपण होऊन."

रोह्याच्या दुकानदाराकडे पाहिलं होतं, तसं त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "बटन तिनं दाबलंय. तिनंच उठवायचं. मेली नाय ती माझ्यासाठी. रुसलीय." टीव्ही बंद झाला. "आन् तू पुढच्या शुक्रवारी कॉलेजातून आलीस की सरळ इकडं यायचं. दिवा लावायच्या आत. वायर बघायला."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी अंगणात कपडे वाळत घालत होते. भिंतीपलीकडे फोन वाजला. आत्यांचा आवाज नेहमीसारखा खणखणीत. "तब्येत बरी हाय... घर? नाय इकायचं... नाय म्हटलं ना... नाय, एकटी कसली, गल्ली हाय..." मग त्या थांबल्या. पलीकडून कोणी काही विचारत असावं. ओला पंचा तसाच दोरीवर धरून मीही थांबले.

"चालू हाय," आत्या म्हणाल्या. आणि जरा वेळाने, खालच्या आवाजात, "गरम हाय सांग तिला. हात लावून बघितलाय."