ठेंगण्याची उंची

थंडीची पहिली झुळूक आली आणि हेडक्लार्कांनी ठरवलं, पामला ब्लँकेट गुंडाळायचं. ठरवलं ते एवढंच. पुढचं सगळं त्या ब्लँकेटनं केलं.

हा पाम साधासुधा नव्हे. हेडक्लार्कांकडे कुंड्यांतले अकरा पाम होते, पण हा त्यांचा लाडका. जातीचा ठेंगणा, आणि बर्फ पडला तरी पान न वाकवणारा. ही माहिती ते ऑफिसात फाइल घेऊन येणाऱ्या प्रत्येकाला देत. (माहिती संपल्याशिवाय फाइल पुढे सरकत नसे.)

"अहो, बर्फात तग धरतो ना तो?" बायकोनं विचारलं.

"धरतो की! पैजेवर धरतो."

"मग माझं ब्लँकेट कशाला?"

"अगं, धरतो म्हणून काय धरायला लावायचं?"

ब्लँकेटवर चादर चढली, चादरीवर ताडपत्री, आणि शेवटी पाम जिन्याखालच्या कोठडीत जाऊन बसला, दार लावून. त्या हिवाळ्यात घरातल्या सगळ्यांना सर्दी झाली, पाम सोडून.

हिवाळा सरला की बागमंडळाची स्पर्धा असे; परीक्षक घरोघरी येऊन झाडं मापत. 'थंडीत टिकणारे ठेंगणे पाम' या गटात उंचीची मर्यादा चार फूट, जमिनीपासून शेंड्यापर्यंत, कुंडी धरून. गेली सहा वर्षं हेडक्लार्क दुसरे येत होते. पहिले येत ते शेजारचे दंतवैद्य. "काय, यंदाही दुसरे का?" असं ते कुंपणावरून विचारत, तेही सगळे दात दाखवून. यंदा मात्र हेडक्लार्कांनी शोकेसमधला टी-सेट हलवून ढालीसाठी जागा करून ठेवली होती.

स्पर्धेच्या दिवशी सकाळी ब्लँकेट सोडलं. पाम उभा राहिला, आणि उभाच राहत गेला. टेप लावली. चार फूट दहा इंच! झाड वाढलं म्हणून कपाळाला हात लावणारा माळी अख्ख्या जगात हाच एक.

"वरून छाटा थोडा," बायको म्हणाली.

"अगं, शेंडा छाटला तर पाम मरतो!"

"मग बसवा त्याला खाली!"

ती वैतागून बोलली, पण हेडक्लार्कांच्या डोक्यात दिवा लागला. नियम 'जमिनीपासून' म्हणतो ना? मग फूटभराची कुंडीच जमिनीत गेली तर? बावीस वर्षं नियमांच्या फटींतून फायली काढणारा माणूस, एका खड्ड्याला भिणार थोडाच!

तासाभरात अंगणात खड्डा तयार. खड्डा कसला, दागिनाच! कडा सुरीनं कापल्यासारख्या, तळ पाटीसारखा सपाट. कुंडी काठापर्यंत आत बसली. वरून बारीक खडी पसरली.

परीक्षक बाई वनखात्यातून निवृत्त झालेल्या, पण आवाज अजून जंगलातलाच. त्यांनी टेप लावली.

"तीन फूट दहा. छान!"

हेडक्लार्कांनी कुंपणापलीकडे पाहिलं. दंतवैद्यांचं तोंड, बहुधा आयुष्यात प्रथमच, मिटलेलं होतं.

"आता कुंडी उचला. तळाचं भोक बघू, पाणी निचरतंय का ते."

"कुंडी?" हेडक्लार्कांनी असं विचारलं, जणू हा शब्द ते आजच ऐकत होते.

"मग पाम काय बशीत लावलाय?"

उचलावी लागली. बाईंनी पुन्हा टेप लावली, मग देठ चाचपले.

"अंधारात कोंडला होतात ना याला? उजेड शोधून शोधून माना ताणल्यात बिचाऱ्यानं. बर्फात उघडा टाकला असतात, तर बुटकाच राहिला असता. बाद!"

दंतवैद्यांचं तोंड पूर्ववत उघडलं. बाई मात्र तिथून हलेनात. खड्ड्यात वाकून म्हणाल्या, "हा कोणी खणला?"

"मीच," हेडक्लार्क पुटपुटले.

"तीस वर्षं खड्डे बघितलेत मी. असा नाही बघितला!"

आठवड्यानं मंडळाचं पत्र आलं. पहिल्याच ओळीत 'आपणांस खास निमंत्रण' होतं. हेडक्लार्कांनी ती ओळ सगळ्या ऑफिसला वाचून दाखवली, साहेबांना दोनदा. संध्याकाळी छाती पुढे काढूनच ते घरात शिरले.

"खास बोलावलंय मला! सहा वर्षांत त्या दंतवैद्याला आलं का कधी असं पत्र?"

बायकोनं घडी उलगडून खालचं वाचलं. "येत्या रविवारी मंडळाच्या बागेत साठ झाडं लावायचीयत. खड्डे तुम्ही खणायचेत. कुदळ घरूनच न्यायचीय."

"बघ! कामाची कदर आहे लोकांना."

"आणि झाडं लावायचा मान," ती पुढे वाचत म्हणाली, "दंतवैद्यांना."