पास्कूकाकांच्या काडेपेट्या

पास्कूकाकांचा काडेपेट्यांचा डबा मी कचऱ्यात टाकला. हे आधीच कबूल करतो, नाहीतर पुढे सांगता सांगता मी स्वतःला चांगलं म्हणवून घेईन, अशी मला भीती वाटते.

काका आमच्या नायगावच्या इमारतीत सहाव्या मजल्यावर, माझ्या समोरच्याच दारात राहतात. एकटेच. कुणीही भेटलं की ते आधी त्याचं डोकं मोजतात, नमस्कार नंतर. खिशातून दोरा काढायचा, कपाळावरून फिरवायचा, जुळेल तिथं गाठ मारायची. गॅसवाला, लिफ्ट दुरुस्त करायला आलेला माणूस, मी, कुणीच सुटलेलं नाही. मोठ्यांचे दोरे ते फेकून देतात. मुलांचे मात्र एकेका काडेपेटीत, वर नाव लिहून.

"कशाला हे, काका?"

"आधी डोकं, मग मुकुट. अंदाजाचं काम आपल्याकडं नाही."

रविवारी काका चर्चमधला मिस्सा आटोपून आले की जिन्याजवळच्या मोकळ्या जागेत त्यांचा कारखाना सुरू व्हायचा. खोक्यांच्या पुठ्ठ्याचे मुकुट, जुन्या साडीचे पंख, माडाच्या झावळीच्या हिरांनी टाचलेल्या फणसाच्या पानांची चिलखतं. डिंकावर त्यांचा राग. "डिंक ऐनवेळी फसवतो." म्हणून सगळं बांधायचं ते केळीच्या खांबाच्या वाळक्या सोपटानं. गावाकडून ते पोतं भरून आणायचे. जन्मभर केळीची वाडी केलेला माणूस. त्यांची गाठ सोडवायला कात्रीच लागते. माझी सहा वर्षांची मुक्ता एकदा गरुड होऊन घरी आली आणि पंखांसकट जेवली. भातात एक पंख बुडाला, पण गाठ सुटली नाही.

मी सोसायटीचा सेक्रेटरी. खाली पुठ्ठा नि वाळकी सोपटं, वर विजेचे मीटर, हे बघून मी दर रविवारी त्यांना टोकायचो.

"काका, आग लागली तर?"

"तुझ्या डोक्यात लागलीय, सेक्रेटरी. आण इकडं, मोजतो."

मग सोमवारी अग्निशमन दलाची तपासणी ठरली. शनिवारी काका गावी गेले होते. मी झाडूवाल्याला बोलावलं आणि पोतं, खोकी, पंख, सगळं कचरागाडीत घातलं. काकांना फोन करता आला असता. केला नाही, कारण ते हसले असते आणि मी विरघळलो असतो. सामानातला डबा उघडला तर काडेपेट्या! आगीच्या तपासणीला काडेपेट्या! एकीत दोरा, दुसरीत दोरा. एकीवर 'ईनास' लिहिलेलं. त्या नावाचं मूल इमारतीत नाही आणि पेटीही रिकामी. रिकामी काडेपेटी कोण जपतं? डबाही गेला.

रविवारी मुलं जमली. मी दाराच्या भिंगातून बघत होतो. बाहेर यायचा धीर नव्हता. काका आले, मोकळी फरशी बघितली, मग माझ्या दाराकडं बघितलं. अगदी भिंगातच.

"काका, सामान कुठं गेलं?" मुक्तानं विचारलं.

"मीच टाकलं गं. जुनं झालेलं."

"माझा दोरा पण?"

काका वळले. आत गेले. पुढचे तीन रविवार ते दार उघडलं नाही. मुलं बाहेर बसायची आणि उठून जायची. मुक्ता म्हणाली, "पप्पा, काकांना आम्ही आवडत नाही आता." मी तिला "अभ्यास कर" म्हणालो. दुसरं काय म्हणणार?

शेवटी मी त्यांची बेल वाजवली. काकांनी आत घेतलं. पहिल्यांदाच माझं डोकं मोजलं नाही.

"ईनास कोण?" मी विचारलं.

"माझा मुलगा. आता त्याचेच केस पिकले. दुसरीत असताना शाळेत राजा झाला होता. मी वाडीतून हललो नाही. अंदाजानं मुकुट केला नि दिला पाठवून. स्टेजवर नाकापर्यंत उतरला. सगळे हसले. नंतर त्यानं माझ्याकडं काही मागितलंच नाही. फोन करतो. तब्येत विचारतो."

"आणि ती पेटी..."

"मोजलंच नव्हतं, तर दोरा कुठला असणार?"

तेव्हाही मी कबुली न देताच उठलो. घरी आलो आणि लक्षात आलं, मुक्ताच्या डोक्याचं माप मलाही माहीत नाही.

शनिवारी आगाशीला गेलो, एका वाडीतून सोपटं मागून आणली. ठेवायला झाकणाची पत्र्याची पेटी घेतली, कारण काळजी अजून गेलेली नाही. मुक्ताचं डोकं मोजलं. माझी गाठ तीनदा सुटली.

रविवारी सगळ्या मुलांना काकांच्या दारासमोर उभं केलं आणि बेल वाजवली. काकांनी दार उघडलं. मी एक रिकामी काडेपेटी पुढे केली. वर 'ईनास' लिहिलं होतं. काकांनी ती उघडून बघितली, बंद केली आणि सदऱ्याच्या खिशात ठेवली.

"जाऊ दे, सेक्रेटरी," ते हळूच म्हणाले. "मुलांसमोर नको."

पण मुक्ता ऐकत होती. तिच्यासमोरच हवं होतं.

"मुलांनो, सामान काकांनी टाकलं नव्हतं," मी म्हणालो. "तुमचे दोरेही नाहीत. ते मी टाकले, काका घरी नसताना. काका, मी विचारायला हवं होतं. माझं चुकलं."