पालिश पेपर

गिटारवरची धूळ पुसायची, एवढंच मी ठरवलं होतं. सुटीच्या दिवशी माझ्यासारख्या कारकुनानं यापेक्षा मोठं काही ठरवूही नये.

पौर्णिमा, म्हणजे आमची मुलगी, त्या संध्याकाळी विहारात पहिल्यांदाच लोकांपुढे गिटार वाजवणार होती. गाणारी मैत्रीण संस्कृती मेडशीहून चारला पोचणाऱ्या एसटीनं येणार, म्हणून तिला घ्यायला पौर्णिमा मानोऱ्याच्या स्टँडवर गेली. जाताना बजावून गेली, "बाबा, गिटारले हात लावू नका. सूर लावून ठेवले मी."

(मागे मी तिच्या सायकलची घंटी दुरुस्त केली होती. तेव्हापासून ती ब्रेक दाबला की वाजते.)

पण मी पडलो वस्तू जपणारा माणूस. नव्या वस्तूवरचं प्लास्टिक मी घरात कुणालाही काढू देत नाही. आमचा फ्रीज नऊ वर्षांचा झाला तरी अजून नवाच आहे. तर, मागची बाजू पुसावी म्हणून मी गिटार मांडीवर पालथी घेतली आणि कमरेला लटकवलेलं किल्ल्यांचं जुडगं खर्रकन फिरलं. उलटून पाहतो तर भोकाखाली जी काळी पट्टी असते ना, तिच्यावर वीतभर पांढरा ओरखडा!

पोरगी रडणार, वाजवणारच नाही म्हणणार, आणि मग जन्मभर तिला पहिल्या कार्यक्रमाची आठवण म्हणजे मी. मी आमच्या सुताराला फोन लावला.

"बाबूलालभाऊ, ओरखडा पडला!"

"कुठीसा?"

"पोटावर."

"मंग दवाखान्यात जा न बाप्पा. मले काहून फोन करून राह्यले?"

"माह्या नाही, गिटारच्या!"

"अस्सं. हलक्या हातानं पालिश पेपर मारा, जाते निंघून." मागे त्याचं कटर सुरू झालं आणि फोन बंद.

पॉलिश आणि पेपर. दोन्ही घरातच होतं! मी काळ्या बुटांच्या पॉलिशची डबी काढली, कालचा पेपर फाडला आणि मारलं. ओरखडा गायब! मी इतका खूश झालो की आणखी मारलं. मग ते पट्टीच्या कडेवरून खाली पिवळ्या लाकडावर उतरलं. पुसलं तर पसरलं. बघता बघता गिटारला मिशी फुटली.

तेवढ्यात माझी बायको रूपा चहा घेऊन आली.

"हे काय करून राह्यले तुमी?"

"पालिश पेपर मारून राह्यलो. बाबूलालनं सांगतलं."

"अवो, पालिश पेपर म्हंजे लाकूड घासाचा खरखरीत कागद! बुटाचं पालिश कायले फासलं?"

दुर्दैवानं तो कागदही घरात निघाला. (इथे तरी मी थांबायला हवं होतं.) मी मिशी घासली. मिशी गेली, तिच्यासोबत लाकडाची चकाकी गेली आणि भाकरीएवढा पांढराफटक चट्टा उरला. चार वाजून वीस मिनिटं झाली होती आणि फाटक वाजलं.

पौर्णिमा दारात, मागे संस्कृती. गिटार मांडीवर घेऊन पौर्णिमानं चट्ट्यावरून बोट फिरवलं. तिचे डोळे भरले आणि मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"आधी नुसता काळ्या पट्टीवर ओरखडा होता," मी पुटपुटलो. "तोच झाकायला गेलो."

तिनं पट्टीचा कोपरा नखानं उचलला आणि सर्रकन एक पातळ प्लास्टिक सोलून काढलं. ओरखडा, पॉलिश, सगळं त्यासोबत निघून आलं. खालची पट्टी कोरीकरकरीत.

"ओरखडा ह्याच्यावर होता, बाबा," ती म्हणाली. "पयल्याच दिवशी मी हे काढत होती. तुमीच काढू देलं नाही."

संध्याकाळी तिनं चट्ट्यासकट गिटार वाजवली आणि सुरेख वाजवली. मी मागच्या रांगेत बसून सगळ्यांत जोरात टाळ्या पिटल्या. (डोळे पुसताना बोटांचं पॉलिश गालांना लागलं, ते घरी आल्यावर कळलं.)

दुसऱ्या दिवशी रूपानं फ्रीज, रिमोट, मिक्सर, सगळं एकापाठोपाठ एक सोलून काढलं. आता आमच्या घरात झाकून ठेवलेली वस्तू एकच, ती गिटार. तिच्या पिशवीच्या चेनला छोटं कुलूप आहे, आणि घरातल्या सगळ्या कुलपांपैकी तेवढ्याच कुलपाची किल्ली माझ्या जुडग्यात नाही.