पिवळ्या तोंडाची तर्री

कुत्र्याच्या दुखण्यासाठी डॉक्टरकडे धावणाऱ्या माणसांची मधुसूदनरावांना कीव यायची. वीजकेंद्रात त्यांनी सगळी हयात पाइपांची गळती बंद करण्यात घालवली होती, आणि निवृत्त झाल्यापासून जगातली कुठलीही अडचण त्यांना गळतीच वाटायची. बायकोचे गुडघे, लेकीचं लांबलेलं लग्न, शेजारच्या शोभाताईंचा रक्तदाब, सगळं कुठूनतरी गळतंय आणि ते बंद करायला आपण एकटे पुरे आहोत, असा त्यांचा ठाम विश्वास. घरातला गीझर तर त्यांनी असा बंद केला होता, की तो पुन्हा सुरूच झाला नाही.

म्हणून तर्रीचा गाल सुजला तेव्हा त्यांची बायको उत्तरा धास्तावली. सुजेला जेवढी, तेवढीच इलाजालाही.

तर्री त्यांची कुत्री. प्रतापनगरात एका पोह्याच्या ठेल्यामागे सापडलेली, आणि पोह्यांवर ओततात त्या रश्श्याच्या रंगाची, म्हणून तर्री. आता तिच्या तोंडाभोवतीचे केस पांढरे झाले होते आणि जिना चढताना ती मधल्या पायरीवर उगाच विचारात पडल्यासारखं करायची. उत्तरा काही बोलायला लागली की मधुसूदनराव दुसऱ्या शब्दालाच उत्तर देत. लेक वेदिका पुण्याहून फोनवर "हो आई, हो आई" म्हणत भलतंच काही टाइप करत असे. उत्तराचं वाक्य शेवटपर्यंत ऐकणारं त्या घरात एकच माणूस होतं, आणि ते तर्री होतं.

तसं पाहिलं तर दुखणं सुजेच्या बरंच आधी आलं होतं, वासाच्या रूपानं. हॉलमध्ये काहीतरी मेल्यासारखा वास यायला लागला. मधुसूदनरावांनी उंदीर असल्याचं जाहीर केलं. दिवाण उभा केला, कपाट ओढलं. कपाटाखालून उत्तराचं हरवलेलं कानातलं निघालं, उंदीर निघाला नाही. मग संशय भिंतीपलीकडे गेला. वास तुमच्या मोरीतून येतो, असं त्यांनी शोभाताईंना त्यांच्याच दारात उभं राहून सांगितलं. शोभाताई म्हणाल्या, माझ्या मोरीत पंगत बसवता येईल. मधुसूदनराव म्हणाले, बसवा, मी वाढायला येतो. दोन्ही घरांचं बोलणं बंद झालं. या सगळ्या काळात तर्री दिवाणाशेजारी तोंड किंचित उघडं ठेवून बसली होती, आणि वास तिच्याच तोंडातून येत होता.

उत्तराला ते कळलं, तर्रीनं पोळीचा तुकडा चावता चावता खाली पाडला तेव्हा. डाव्या बाजूनं ती कसंबसं चावायची, घास उजवीकडे गेला की डोकं झटकायची. उत्तरा म्हणाली, दात दुखत असेल. मधुसूदनराव म्हणाले, कुत्र्याचे दात दुखत नसतात, निसर्गानं तशी सोयच केलेली आहे.

मग उजव्या डोळ्याखाली सूज आली. आधी सुपारीएवढी, मग लिंबाएवढी.

"गांधीलमाशी," मधुसूदनराव म्हणाले. "मले विचार. आमच्या टाकीवर पोळंच होतं तिचं. हळद लाव, उतरते."

हळद आणि एरंडेल तेलाचा लेप त्यांनी स्वतः कालवला, कारण प्रमाणाचं बायकांना कळत नाही. नव्या नवरीला लागणार नाही इतकी हळद तर्रीच्या तोंडाला लागली. सूज वाढली, तशी त्यांनी हळद वाढवली. डावीकडून पाहिलं तर ती तर्री होती आणि उजवीकडून पाहिलं तर पिवळा भोपळा. उत्तरानं डॉक्टरचा विषय काढला, की ते लेपाला अजून एक दिवस मागून घेत, आणि तीही देत गेली. बैलपोळ्याच्या दिवशी तिनं पुरणाची पोळी दुधात कुस्करून ताटली पुढे सरकवली. तर्रीनं ताटलीकडे पाहिलं, मग उत्तराकडे पाहिलं, आणि भिंतीकडे तोंड करून पडली. तिचा उजवा डोळा आता मिटतही नव्हता. बाहेर ढकलल्यासारखा, कोरडा, तसाच उघडा राहिला होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी डोळ्याखाली भोक पडून पू वाहायला लागला. मधुसूदनराव म्हणाले, पाहा, घाण निघून राहिली, आता बरी होते. उत्तरानं फोन उचलला.

जवळच्या जनावरांच्या डॉक्टरांनी सुट्टी घेतली होती. ते म्हणाले, असल्या केसला भूल देऊन कापावं लागेल, माझ्याकडे सोय नाही. महाल भागात डॉक्टर रोशनी मेश्राम आहेत, दुपारपर्यंत थांबतील, पण आजच न्या. ते "आजच" उत्तराच्या कानात खिळ्यासारखं बसलं.

आता त्या दिवशी सुट्टी होती, ती मारबतीची. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी काळी आणि पिवळी मारबत निघते, सोबत चालू जमान्याच्या पापांचे पुतळे, म्हणजे बडगे, निघतात, आणि लोक सगळी इडापिडा त्या पुतळ्यांवर घालून त्यांना गावाबाहेर नेऊन जाळतात. इतवारी-महालात त्या दिवशी मुंगीला शिरायला जागा नसते. ऑटोवाल्यानं तेच सांगितलं. मधुसूदनराव त्याच्यावर हसले. आपण इतवारीतच लहानाचे मोठे झालो, आपल्याला अशा गल्ल्या ठाऊक आहेत ज्या खुद्द गल्लीतल्या लोकांना ठाऊक नाहीत, आणि मारबत इतक्यात निघत नसते.

मारबत निघालेली होती. त्यांच्या खास गल्लीतून बाहेर पडताच ऑटो मिरवणुकीच्या पोटात शिरला आणि तिथंच अडकला. मागे जाता येईना, पुढे जाता येईना. ढोल-ताशांनी काचा थरथरत होत्या. मधुसूदनरावांनी एका केळीवाल्याचा हातठेला भाड्यानं मिळवला, तर्रीला चादरीत गुंडाळून त्यावर ठेवलं, आणि ठेला ढकलत गर्दीत घुसले. दवाखाना इथंच आहे, म्हणाले.

चादरीतून फक्त तोंड बाहेर होतं. पिवळंजर्द, एका बाजूनं फुगलेलं, एक डोळा वटारलेला, आणि अजिबात न हलणारं.

"अबे, हा कोणता बडग्या बे?" कोणीतरी विचारलं.

महागाईचा असेल, असं एकाचं मत पडलं. दुसरा म्हणाला, महागाईला असं तोंड नसते, हा मोकाट कुत्र्यांचा बडग्या आहे, कार्पोरेशनच्या नावानं जाळायसाठी बनवला. काम मस्त केलं, असं म्हणून त्यानं मधुसूदनरावांच्या पाठीवर थाप मारली. मधुसूदनराव नाही नाही म्हणत होते, पण आयुष्यात पहिल्यांदाच त्यांचं कोणी ऐकत नव्हतं. चार पोरांनी ठेला त्यांच्या हातातून घेतला. दवाखान्याची गल्ली उजवीकडे राहिली आणि ठेला डावीकडे चालला. कोणी गुलाल उधळला, कोणी लिंबू फेकलं. एका बाईनं आपलं खोकणारं लेकरू ठेल्यापुढे धरलं, आणि सगळे एका आवाजात ओरडले, "रोगराई घेऊन जाय गे मारबत!"

उत्तरा ठेल्याची फळी धरून चालत होती. लहानपणी वडिलांच्या खांद्यावर बसून तिनंही हे ओरडून म्हटलं होतं. या वाटेच्या शेवटी काय असतं, तेही तिनं पाहिलं होतं. तिनं चादरीत हात घातला. तर्रीची छाती हलते की ठेला हलतो, हे तिला कळेना.

मग तिनं एक गोष्ट केली, जी तिच्या बँकेतल्या नोकरीत आणि संसारात मिळून कधी केली नव्हती. ती ठेल्याच्या आडवी आली. दोन्ही हात ठेल्यावर टेकले आणि म्हणाली, "माझी कुत्री आहे ती. जिवंत आहे. तिला दवाखान्यात न्यायचंय."

पहिल्यांदा ढोलात ते बुडालं. ती थांबली नाही, तेच परत म्हणाली. लेकरू घेतलेली बाई वाकली, तर्रीच्या नाकाशी हात नेला आणि एकदम मागे झाली.

"अवो, थांबवा ते ढोल. खरंच जनावर हाय हे," ती म्हणाली. मग उत्तराकडे पाहून हळूच, "काहून वं माय, एवढी सडू देली तिले?"

उत्तरानं ठेल्याचं तोंड दवाखान्याच्या गल्लीकडे वळवायला घेतलं.

ज्या पोरांनी ठेला पळवला होता, त्यांनीच तो फिरवला. बाजू, बाजू, पेशंट हाय, करत त्यांनी रस्ता पाडला, आणि तर्री गुलालात माखून दवाखान्याच्या दारात पोचली.

डॉक्टर रोशनीनं आधी नुसती हळद धुतली. बादलीतलं पाणी तीनदा बदलावं लागलं. मग तिनं ओठ वर करून दाखवला. वरचा मोठा दात उभा चिरला होता, मुळाशी सडला होता, आणि तिथला पू वाट काढत डोळ्याखाली गेला होता. कुत्र्याला डोळ्याखाली सूज आली की आधी दात पाहायचा असतो, ती म्हणाली, आणि काही कडक चावायला देता का, असं विचारलं.

मधुसूदनराव घसा खाकरून म्हणाले, की सीताबर्डीवरून त्यांनी एक खास हाड आणलं होतं, दात मजबूत व्हायला. कधीच तुटणार नाही अशी गॅरंटी होती. हाड अजून शाबूत आहे, असंही ते म्हणाले.

डॉक्टरनं ते कागदावर लिहून घेतलं. मग उत्तराला सांगितलं, की दात काढावाच लागेल, पण वय झालंय, विष अंगात भिनलंय, भुलेतून ती उठेलच असं नाही. उत्तरानं मान डोलावली. आत नेताना तर्रीनं चांगला डोळा तिच्यावर धरून ठेवला होता. दार लागेपर्यंत.

मधुसूदनराव बाकावर बसून राहिले. एकदा हळूच म्हणाले, "मले खरंच माशी वाटली गा." ते कोणाला म्हणाले हे कळलं नाही, कारण समोर फक्त भिंत होती.

तर्री उठली. दात गेला होता आणि उजवा डोळाही. तो आधीच फुटायला आला होता, डॉक्टर म्हणाली, पापण्या शिवून टाकल्यात. चार दिवस आधी आणली असती तर वाचला असता. तिनं ते कोणाकडेही न पाहता सांगितलं, आणि ते दोघांनाही नेमकं लागलं.

आठवड्यानं तर्री दहीभात खायला लागली. वेदिकाचा व्हिडिओ कॉल आला, तेव्हा मधुसूदनराव सोफ्यावर ऐसपैस बसून तिला सगळी हकीकत सांगत होते. गर्दी किती होती, गल्ल्या त्यांना पाठ होत्या म्हणून कसं बरं झालं, आणि त्यांनी वेळेवर हालचाल केली नसती तर तर्री आज दिसलीच नसती.

तर्री सावकाश उठली. एकदा सोफ्याला आपटली, मग दिवाणाला. गोल फिरली आणि शिवलेली बाजू नेमकी मधुसूदनरावांकडे करून उत्तराच्या पायाशी बसली. आता तिला त्या बाजूचं काहीही दिसत नव्हतं.

उत्तरानं तिच्या डोक्यावर हात ठेवला. खोटं कशाला बोला, तिला क्षणभर तर्रीचा हेवाच वाटला.